गल्लीतला मळा



आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने दोन पाने लिहून द्यावीत असे बैठकीत ठरले, तेव्हा मी सतरंजीच्या टोकाला बसून मान खाली घातली होती. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. दुधाचा, किराण्याचा आणि मंडळाच्या भाजीचा हिशेब वहीत लिहिणे, एवढाच काय तो माझा लेखनाचा अभ्यास. परंतु अध्यक्षबाई म्हणाल्या, "हिशेब लिहिता तो भाजीचाच ना? मग भाजीचाच इतिहास लिहा." सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. राजेरजवाड्यांचा इतिहास असतो, लढायांचा असतो. मेथीच्या जुडीचा इतिहास कोणी ऐकला आहे काय?

पण घरी आल्यावर तो शब्द मनातून जाईना. वाचनालयातून पुस्तके आणली, कॉलेजात जाणाऱ्या लेकीकडून काही वाचून घेतले, सासूबाईंना खोदून खोदून विचारले. आणि मग ध्यानात आले की भाजीलाही इतिहास आहे, आणि तो आपण बायकांनी जाणून घेण्यासारखा आहे.

लिहिण्याचे दुसरेही एक कारण आहे. मंडळाच्या खोलीमागची आपली सामाईक परसबाग मोडून, तेथे फरशी घालून सभागृहासाठी शेड उभारावी, असा ठराव येत्या वार्षिक सभेत यावयाचा आहे. मत देण्याआधी आपण हे चार शब्द वाचावेत, अशी माझी नम्र विनंती आहे.

आपले जालना हे जुन्या काळी पाण्याचे आणि बागांचे गाव होते. टँकरमागे घागरी घेऊन धावलेल्या आपल्याला हे खरे वाटणार नाही. मोती तलाव तर आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. पूर्वी त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरातल्या हौदांत येत असे. गावाच्या भरभराटीच्या काळात याखेरीज आणखीही तलाव होते. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरात असे लिहून ठेवलेले आहे की जालन्याच्या बागांतली फळे हैदराबादेस व मुंबईस जात. "जालना सोने का पालना" असे आपल्याकडे म्हणतात, ते उगीच नव्हे. पुढे निजामाच्या राजवटीतच घाणेवाडीचा तलाव झाला आणि त्याच्या पाण्यावर गावाच्या कितीतरी पिढ्या वाढल्या.

आणखी एक गोष्ट मला फार गोड वाटली. आपल्या जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. तेथे १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. समर्थ म्हटले की आपल्याला मनाचे श्लोक आणि दासबोध आठवतो. पण त्यांनी 'बाग प्रकरण' नावाचे एक प्रकरणही लिहिलेले आहे, आणि त्यात बागेत कोणकोणती झाडे लावावीत त्यांची मोठी यादी दिली आहे. सर्वसंगपरित्याग केलेल्या पुरुषालाही बाग हा विषय लिहिण्याजोगा वाटला! तिकडे सोलापूर जिल्ह्यातील अरणचे सावता महाराज तर मळ्यातच देव पाहत. तेव्हा हातात खुरपे धरण्याला कमीपणा मानण्याचे आपल्याकडे काही कारण नाही.

परंतु हे झाले मळ्यांचे आणि बागांचे. आपल्या बायकांची खरी बाग म्हणजे परस. माझ्या सासूबाईंचे माहेर बदनापूरकडच्या एका खेड्यातले. त्या सांगतात, "माळवं विकत आणायचं असतं, हे मला लग्न होऊन शहरात आल्यावर कळलं." त्यांच्या माहेरी मोरीचे पाणी जेथे जाई तेथे आळू आणि एक केळ. कुडावर वाल, माळवदावर चढलेला दोडक्याचा वेल, उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवलेला भोपळा. पावसाळ्यात घोळ, तांदुळजा, चुका, अंबाडी. कोणी मुद्दाम पाणी घालावयाचे नाही. न्हाण्याचे आणि भांड्यांचे पाणी वळवून दिले की झाले. पावलीचाही खर्च नाही, आणि भाकरीबरोबर रोज काही ना काही हिरवे.

शहरात आलो, आणि आधी परस गेला. दोन खोल्या, पुढे नाली, मागे दुसऱ्याची भिंत. मोरीचे पाणी नालीत, नालीचे कुंडलिकेत. ज्या पाण्यावर आळू वाढावयाचा त्यावर आता डास वाढतात. मग हिरवी भाजी ही विकत घ्यावयाची वस्तू झाली, आणि विकत घ्यावयाची म्हटले की हाताला पैसा असेल त्या दिवशीच ती घरात येणार. पैसे कमी पडले की बाई सर्वांत आधी काय कमी करते? डाळ कमी करीत नाही, तेल करीत नाही. भाजी कमी करते, आणि तीही आपल्या ताटातली.

याचा परिणाम सरकारच्या पाहणीतही दिसतो. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या बायकांपैकी शेकडा ५४ जणी रक्ताने कमी, म्हणजे पंडुरोगी आढळल्या. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण शेकडा ४८ होते. म्हणजे आपण पुढे जाण्याऐवजी मागे आलो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळे व भाज्या जाव्यात. भगिनींनो, आपण आपल्याच कालच्या ताटाचा हिशेब मनाशी करून पाहावा.

सासूबाईंना मी १९७२ च्या दुष्काळाचे विचारले. तेव्हा त्या नुकत्याच लग्न झालेल्या होत्या आणि रोजगाराच्या कामावर खडी फोडावयास जात. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांवर माणसे जगली. त्या म्हणाल्या, "धान्य सरकार देतं गं, पण हिरवं पान कोणी देत नाही. ते ज्याचं त्यानंच लावावं लागतं." माझ्या या सबंध लेखाचे सार त्यांच्या या एका वाक्यात आले आहे. तरीही पुढे लिहिते, कारण हिरवे पान लावणे सोपे आहे, टिकवणे अवघड आहे. आणि ते टिकते कशाने, हाच खरा प्रश्न आहे.

आपण समजतो की रिकाम्या जागेत शहरातल्या लोकांनी भाजी लावणे ही आजकालची टूम आहे. तसे नाही. अमेरिकेत डेट्रॉइट नावाचे शहर आहे. १८९३ साली तिकडे मोठी मंदी आली, कारखाने बंद पडले, हजारोंच्या हातचे काम गेले. तेथील महापौर पिंग्री यांनी १८९४ साली गावातल्या मोकळ्या जागा मालकांकडून तात्पुरत्या मागून घेतल्या आणि शेकडो गरीब कुटुंबांना बटाटे व भाजी लावण्यास दिल्या. लोकांनी त्यांची थट्टा केली. पैसा उभा राहीना तेव्हा या गृहस्थाने आपला घोडा लिलावात विकला. पीक आले आणि थट्टा थांबली.

पुढे दुसरे महायुद्ध आले. इंग्लंडास धान्य घेऊन येणारी जहाजे समुद्रात बुडू लागली, तेव्हा तेथील सरकारने घरोघर जमीन खणून भाजी लावण्याची मोहीम काढली. लंडनच्या जुन्या किल्ल्याच्या खंदकातसुद्धा भाजी लावली गेली. लोकांना भाजीसाठी वाटून दिलेल्या जमिनीचे तुकडे १९३९ साली सुमारे आठ लाख होते, ते १९४३ पर्यंत चौदा लाखांच्या घरात गेले. अमेरिकेतही अशा सुमारे दोन कोटी बागा झाल्या. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी १९४३ साली राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या आवारातच भाजी लावली. त्या वर्षी त्या देशात पिकलेल्या ताज्या भाजीपैकी शेकडा चाळीस या घरगुती बागांतून आली असे सांगतात.

आपल्या देशातही १९४० नंतरच्या त्याच वर्षांत 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम निघाली. एकीकडे युद्ध, दुसरीकडे १९४३ सालचा बंगालचा भयंकर दुष्काळ. नंतर १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले आणि अन्नाची टंचाई पडली. तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्रीजींनी सर्वांना आठवड्यातून एक वेळ, सोमवारी रात्री, न जेवण्याची विनंती केली, आणि दिल्लीतल्या आपल्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर धरला. आमच्याकडे सासूबाईंचे सासरे तेव्हापासून सोमवार सोडीत, तो त्यांनी अखेरपर्यंत सोडला.

हे वाचून मन भरून येते. परंतु पुढचे पान उलटले की वाईट वाटते. युद्ध संपले आणि अमेरिकेतल्या त्या दोन कोटी बागा बहुतेक सगळ्या मोडल्या. दुकानात भाजी मिळू लागली, मग चिखलात हात कोण घालणार? जागा मालकांनी परत घेतल्या, तेथे घरे उठली. गरज सरो आणि बाग मरो, असाच प्रकार झाला.

तरी काही बागा टिकल्या. त्या का टिकल्या, तेवढे मी बारकाईने पाहिले. बॉस्टन शहरात १९४२ साली युद्धासाठी लावलेली एक मोठी सामाईक बाग आजपर्यंत चालू आहे. ती सरकारने नव्हे, तर बागकाम करणाऱ्या शेजाऱ्यांनीच मंडळ स्थापून सांभाळली. इंग्लंडात लढाईनंतर तुकडे कमी झाले खरे, पण नाहीसे झाले नाहीत. कारण तेथे १९०८ सालापासून कायदाच आहे, की लोकांनी मागणी केली तर नगरपालिकेने भाजीसाठी जमीन उपलब्ध करून द्यावी. म्हणजे पाहा, एका ठिकाणी माणसे नेमाने एकत्र बांधलेली होती, दुसऱ्या ठिकाणी जागा कागदावर लिहून ठेवलेली होती. जेथे या दोहोंपैकी काहीच नव्हते, तेथे नुसता उत्साह होता. आणि उत्साह पहिल्या उन्हाळ्यातच वाळतो.

हे मी पुस्तकातले सांगत नाही, माझ्या स्वतःच्या अनुभवाचे सांगते आहे. आपल्यापैकी जुन्या सभासदांना आठवत असेल, आपली पहिली बाग २०११ च्या पावसाळ्यात लावली होती. नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो काढले. मेथी, पालक, भेंडी, कढीपत्ता, दोन शेवगे. त्या वर्षी सगळे छान झाले. पुढच्या वर्षी, २०१२ साली, पाऊस रुसला. २०१३ च्या उन्हाळ्यात काय झाले ते कोणी विसरणार नाही. जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा जळाल्या. जी मोसंबी जालन्याची म्हणून नावाजलेली, तिची झाडे शेतकऱ्यांनी आपल्या हातांनी तोडून सरपणाला काढली. शहरात नळ कित्येक दिवस कोरडे असत. प्यावयाला पाणी नाही तेथे मेथीला कोण घालणार?

परंतु खरे सांगावयाचे तर आपली बाग नुसत्या दुष्काळाने मेली नाही. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी प्रत्येकीच्या घरी होतेच. मी ते नालीत ओतीत होते. मला वाटे, दुसरी कोणीतरी घालत असेल. दुसरीलाही तसेच वाटे. एप्रिल महिन्यात एके दिवशी मी मागे गेले तर कढीपत्त्याची काडी झालेली. हाताने वाकवली तर कट्कन मोडली. त्या दिवशी माझ्या मोरीत अर्धी बादली पाणी पडून होते. ही चुकी मी आजवर कोणाजवळ बोलले नव्हते, ती येथे लिहून मोकळी होते.

पुढे सात वर्षे ती जागा तशीच पडली. कोणा गुत्तेदाराने तेथे पडक्या घराचा मलबा आणून टाकला आणि आपण काही बोललो नाही.

मग २०२० साल आले. मार्च महिन्यात टाळेबंदी झाली, आठवडी बाजार बंद पडले. गावाबाहेर शेतकऱ्यांची भाजी शेतात सडत होती, कोणी ती गुरांना घातली. आणि आपल्या गल्लीत आठ-आठ दिवस हिरवे पान नव्हते. मधले अंतर अवघे दोन-तीन मैलांचे. तेव्हा मला कळले की गावाजवळ भाजी पिकते म्हणजे ती आपल्या ताटात येतेच असे नाही. त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर राज्याच्या 'उमेद' अभियानाने खेड्यांतल्या बचत गटांसाठी 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम काढली. माझ्या मावसबहिणीच्या गावी बायकांनी गोल वाफ्यांच्या बागा केल्या, त्यांचे फोटो तिने मला पाठविले. मी ते मंडळात दाखविले, आणि एकजण म्हणाली, "खेड्यातल्या करतात, मग आपल्याला काय झालं?"

या वेळी मात्र आपण नारळ शेवटी फोडला. आधी बसून तीन गोष्टी ठरविल्या.

पहिली गोष्ट माती. मलबा उचलला, मुरूम खणला, तलावातल्या गाळाची एक ट्रॉली आणि शेणखत घातले. वाफे तीन फूट रुंदीचे केले, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि आत पाय द्यावा लागत नाही. पालापाचोळा आणि भाजीची डेखे यांसाठी कोपऱ्यात खताचा खड्डा केला.

दुसरी गोष्ट पाणी. बागेसाठी नळाचे पाणी घ्यावयाचे नाही, असा नियम केला. डाळ-तांदूळ व भाजी धुतलेले पाणी प्रत्येकीने बादलीत साठवून आणावे, ते पालेभाज्यांना. बागेला लागून असलेल्या सात घरांच्या न्हाणीघरांचे पाणी नळीने एका खड्ड्यात सोडले. खड्ड्यात तळाशी दगडगोटे, वर खडी, कोळसा आणि वाळू, कडेला कर्दळ. तेथून पाझरलेले पाणी केळ, पपई व शेवग्याला. पालेभाजीला ते घालावयाचे नाही, हे पाटीवर लिहून ठेवले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पूर्वीच्या काळी गरीब विद्यार्थी शहरात शिकावयास येत, तेव्हा ते वार लावून जेवीत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कोणावर भार पडत नसे आणि मुलगा उपाशी राहत नसे. आपण बागेला तसेच वार लावले. अठ्ठावीस जणी, रोज चौघी. आपल्या वारी जमले नाही तर दंड नाही, पण बदली बाई आपणच शोधून द्यावयाची. भगिनींनो, माझ्या मते आपली दुसरी बाग मातीने किंवा पाण्याने जगली नाही, वारांनी जगली. कारण "कोणीतरी घालील" हे वाक्यच उरले नाही. गुरुवारी पाणी कोणी घातले नाही, तर त्या चौघींची नावे सगळ्यांना ठाऊक असतात, आणि त्यांत एक नाव माझे असते.

बियाण्याविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे, कारण आपले गावच बियाण्याचे. श्री. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात 'महिको' ही बियाण्यांची कंपनी काढली. त्यांनी प्रारंभ केला तो आपल्या रोजच्या भेंडीपासून. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने पाने पिवळी पाडणाऱ्या रोगास टिकणारी 'पुसा सावनी' ही भेंडी काढली होती, तिचे बी त्यांनी येथे वाढविले. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. देशभर ज्या गावाचे बी जाते, त्या गावातल्या बायकांच्या ताटात भेंडी असू नये, हे आपल्याला शोभते काय?

संकरित बी घेतले तर ते दर वेळी नवे घ्यावे लागते. घरी धरलेले बी तसेच निपजत नाही. म्हणून आपण अर्धे वाफे गावरान वाणांचे ठेवतो आणि त्यांचे बी राखेत मिसळून डब्यात ठेवतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच गावरान बी जपून बियाण्याची बँक उभी केली आणि त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. मी निदान सातवी झाले आहे, तेव्हा मला सबब सांगावयास जागाच उरली नाही.

मुंबईसारख्या शहरात तर जमीनच नाही. तरी तेथे पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील या बाईंनी २००२ साली बाग केली. स्वयंपाकघरातून रोज निघणारी सालेसुली बाहेर न टाकता त्यांनी त्याचीच माती केली. त्याआधी डॉ. दोशी यांनी उसाच्या चोयट्यांवर गच्चीत भाजी पिकविण्याची रीत मुंबईकरांना दाखविली होती. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' काढून शेतकऱ्यांना एकमेकांपासून शिकण्याची गोडी लावली. या सर्वांच्या कामात मला एकच गोष्ट दिसली. एकट्याने कोणी बसले नाही. शेजाऱ्याला बरोबर घेतले.

मुंबईहून एक इशाराही घ्यावयाचा आहे. तेथे रेल्वेच्या रुळांकडेला वर्षानुवर्षे पालक, माठ, लाल भाजी पिकत आली. पण ती नाल्याच्या घाण पाण्यावर, म्हणून लोकांनी त्यावर हरकत घेतली. भाजी हिरवी दिसली म्हणजे चांगलीच असे नव्हे. आपल्या कुंडलिकेतही शहराचे सांडपाणी येते. त्यासाठीच आपला तो पाण्याचा नियम आहे, आणि तो कोणी मोडू नये.

आता हिशेबाची वही उघडते. आपली बाग पाऊण गुंठ्याची. एवढ्यात साऱ्या गल्लीची भाजी होत नाही, आणि होते असे मी म्हणणार नाही. मेथी महिन्याभरात काढणीला येते, पालक वरून कापला की पुन्हा फुटतो, शेवगा दुसऱ्या वर्षापासून भरपूर देतो. पहिला वाटा आपल्या बालवाडीच्या खिचडीला, दुसरा गल्लीतल्या गर्भार व बाळंतिणींना, तिसरा वारकरणींना. उरेल ते विकून बी आणि खत. अशाने अठ्ठावीस घरांत आठवड्यातून दोनदा पालेभाजी होते. एवढेच. पण जेथे ती पंधरा दिवसांतून एकदा होई, तेथे हे एवढेच फार आहे.

आमच्या पलीकडच्या गल्लीत एक भगिनी राहते. चार घरची धुणीभांडी करते. तिची मुलगी शाळेच्या तपासणीत रक्ताने फार कमी निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पालेभाजी खावयास सांगितली. ती मला म्हणाली, "ताई, गोळ्या फुकट मिळतात, भाजी कुठं फुकट मिळते?" तिला शनिवारचा वार दिला. सहा महिन्यांनी मुलीचे रक्त वाढलेले दिसले. ते भाजीनेच वाढले असे मी म्हणत नाही, गोळ्याही चालूच होत्या. पण आता ती बाई मंडळात येताना मागे उभी राहत नाही, पुढे बसते. आणि तिने सांगितल्यावरच मला कळले, की भाजीवर लिंबू पिळले म्हणजे तिच्यातले लोह अंगी लागते. मुलीने शाळेत शिकून तिला सांगितले होते.

कोणी म्हणेल, अशाने माळणीच्या पोटावर पाय येतो. मीही हा विचार केला. आपल्या दारावर येणाऱ्या माळणीला विचारले, तर ती म्हणाली, "तुमच्यानं कांदे-बटाटे, वांगी होत न्हाईत, ते माझ्याकडूनच घ्याल. अन् तुमच्या पोरींना भाजीची चव लागली म्हंजे उद्या माझंच गिऱ्हाईक वाढंल." तिच्याइतका व्यवहार मला कळत नाही.

आता सभागृहाचा प्रश्न. शेड झाली तर लग्नमुंजी, डोहाळजेवणे यांना भाड्याने देता येईल, मंडळाला उत्पन्न होईल, हे मला पूर्ण मान्य आहे. शिवणवर्गाची यंत्रे जुनी झाली, पैसा लागतोच. जागेला भाडे येते. मेथीला येत नाही. ज्या भगिनींनी ठराव मांडला त्या माझ्या मैत्रिणी आहेत आणि त्यांनी मंडळासाठी माझ्याहून अधिक खस्ता खाल्ल्या आहेत. परंतु माझे म्हणणे इतकेच, की इतिहासात अशा बागा वाईट दिवसांत लागल्या आणि बरे दिवस येताच मोडल्या; आणि पुन्हा वाईट दिवस आले तेव्हा लोकांना माती नव्याने करावी लागली. माती एका दिवसात होत नाही. २०११ ची आपण मोडू दिली, म्हणून २०२० साली आपल्या मुलांच्या ताटात काही नव्हते. आता पाच वर्षांवर खत खाऊन ही जमीन काळी झाली आहे. तिच्यावर फरशी घातली तर ती पुन्हा उघडणार नाही.

म्हणून माझी दुरुस्ती अशी आहे. शेड पुढच्या ओट्यावर करावी. ती लहान होईल, भाडे कमी येईल, पण काम भागेल. आणि मागची पाऊण गुंठा जागा दहा वर्षे बागेसाठीच राहील, असे मंडळाच्या वहीत लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. तोंडी ठरलेले वाळते, हे आपण एकदा पाहिले आहे. मग सभेत जे ठरेल ते मला शिरसावंद्य राहील.

लिहिण्यात काही चुकले असेल तर सुज्ञ भगिनींनी क्षमा करावी. माझा वार गुरुवारचा आहे. सकाळी सात वाजता मी बादली घेऊन तेथे असते. मत देण्यापूर्वी एकदा येऊन पाहावे. सध्या चुका आणि मेथी आहे. रिकाम्या हाताने कोणाला पाठविणार नाही.

आपली एक भगिनी